आधी वेलांटी की आधी अक्षर

माझे यजमान तहसील कचेरीत मराठी टायपिस्ट होते. मुरुडला लागले, मधली तीन वर्षं बदलीवर माणगावला काढली आणि पुन्हा मुरुडलाच येऊन निवृत्त झाले. सुरुवात लोखंडी टाइपरायटरवर झाली. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले, पण बोटांना त्याचा त्रास झाला नाही, कारण तिथल्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचाच कीबोर्ड निवडता यायचा. क जिथे होता तिथेच राहिला. समोरच्या माणसाशी बोलता बोलता, त्याच्या तोंडाकडे बघत ते अख्खं पान उतरवायचे. कीबोर्डकडे बघणाऱ्या टायपिस्टाला ते टायपिस्ट म्हणतच नसत.

निवृत्तीनंतर घरी कॉम्प्युटर घेतला आणि तेच सॉफ्टवेअर त्यात बसवून घेतलं. लोकही मग कचेरीऐवजी घरी यायला लागले. कोळीवाड्यातले, मोहल्ल्यातले, वाडीवाले. कुणाला रेशनकार्डात नाव घालायचंय, कुणाच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलंय, कुणाला शेजाऱ्याच्या नारळाची तक्रार करायचीय. अर्जाचा मजकूर ह्यांच्या डोक्यात तयार असायचा. सगळे ह्यांना भाऊसाहेब म्हणायचे, अजूनही म्हणतात. मला बाई म्हणतात, कारण मी इथल्या शाळेत मराठी शिकवलं आणि निम्म्या गावाच्या वह्या तपासल्या.

मी स्वतः मात्र कधी कीबोर्डला हात लावला नव्हता. माझ्या प्रश्नपत्रिकासुद्धा हेच टाइप करून द्यायचे. मी वाचून दाखवायचे, ते उतरवायचे. मला कधी शिकावंसं वाटलं नाही आणि त्यांनीही कधी म्हटलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमचा कॉम्प्युटर रुसायला लागला. म्हणजे तो चालू व्हायचा, टायपिंग व्हायचं, पण इंटरनेटवरची एकेक पानं उघडेनाशी झाली. आधी बँकेचं, मग विजेच्या बिलाचं, मग सरकारी दाखल्यांचं. सिस्टिम जुनी झाली आहे, सुरक्षित नाही, अशी पाटी यायची. पुण्याला असलेल्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, त्या सिस्टिमला आता अपडेटच येत नाहीत. नवीन मशीन घेऊन टाका."

"मशीन चालतंय की," हे मागून म्हणाले. "चालतं मशीन टाकून द्यायचं का?"

यावर उपाय सुचवला तो टेलिफोनवाल्या भाईंनी. हे भाई मोहल्ल्यात राहतात, टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. ह्यांच्याच वयाचे. संध्याकाळी दोघं समुद्रावर बरोबर चालायला जातात. भाईंना तारा, बटणं आणि दिवे लागणारी कुठलीही वस्तू उघडून बघायची हौस. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मशीन तेच ठेवू, आतली सिस्टिम बदलू. लिनक्स टाकतो. फुकट आहे, व्हायरसची फिकर नाही. माझ्याकडे दोन वर्षं तेच आहे."

"माझी कामं होतील ना त्यात?"

"का नाही होणार? मराठी आहे की त्यात."

ह्यांनी पुरतं विचारलं नाही आणि भाईंनी पुरतं सांगितलं नाही. मराठी आहे म्हणजे कोणती मराठी आहे, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

एका शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून भाई आले. बरोबर दोन पेनड्राइव्ह. आधी ह्यांच्या सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, तो ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा कपाटात ठेवा. आता काही झालं तरी तुमचं गेलं नाही." मग दुसरा लावला. दोन चहा झाले. दिवे गेले नाहीत हे नशीब. तासाभरात नवीन सिस्टिम उभी राहिली. खाली एक पट्टी, डावीकडे बारकी चित्रं, सगळं टापटीप. बँकेचं पान उघडलं. विजेचं उघडलं. मीच म्हटलं, "बरं झालं बाई एकदाचं."

भाईंनी मराठी चालू करून दिलं आणि खुर्चीवरून उठले. हे बसले. अर्जाचा पहिला शब्द नेहमी एकच असतो, तोच त्यांनी नेहमीच्या वेगात लिहिला. 'प्रति'.

पडद्यावर ग उमटला. त्याच्या पुढे एक चिन्ह, आणि ठिपक्यांच्या गोलाला लटकलेल्या नुसत्या वेलांट्या.

त्यांनी ते खोडलं, परत लिहिलं. परत ग.

"भाई, हे काय?"

भाईंनी वाकून पाहिलं. "हा वेगळा कीबोर्ड आहे भाऊसाहेब. इनस्क्रिप्ट म्हणतात. सरकारीच आहे."

"सरकारी?" हे म्हणाले. "मग मी इतकी वर्षं कुठे होतो?"

भाईंनी अर्धा तास खटपट केली. जुनं मराठी सॉफ्टवेअर या सिस्टिमवर चालेना. त्याचा फॉन्ट तेवढा उचलून आणता आला, त्यामुळे जुन्या फायली वाचता आल्या. तोवर त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरच्या खुणा असा नुसता कचरा दिसत होता. पण त्यात बदल करायचा किंवा नवीन लिहायचं तर हाच कीबोर्ड. भाईंचा चेहरा उतरला. "माझ्या लक्षात नाही आलं. मी मराठी थोडंच लिहितो, मोबाइलवर बोलून होतं माझं. परत जुनं टाकू का?"

जुनं टाकलं असतं तर बँक पुन्हा बंद. हे म्हणाले, "राहू दे. शिकेन. अक्षरं तीच आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी भाईंनी मराठी अक्षरांची बारीक चिकटपट्टी आणून प्रत्येक बटणावर डकवली. माणूस भल्यासाठीच करत होता. पण खाली बघून एकेक अक्षर शोधायचं, म्हणजे ह्यांनी नवख्या कारकुनांना ज्यावरून आयुष्यभर टोकलं तेच स्वतः करायचं. आणि अडचण जागांचीच नव्हती. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी असते. इथे उलटं. आधी अक्षर, मग वेलांटी. ह्यांची बोटं मनाला विचारायच्या आधीच चालायची. 'नागरिक' लिहायला घेतलं की वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटायची. ते खोडायचे, लिहायचे, खोडायचे. पंधरा दिवसांत एक पान धड झालं नाही.

जुलैमध्ये कोळीवाड्यातली एक बाई आली. पन्नाशीची, बाजारात माझ्या ओळखीची. सुकी मासळी मी तिच्याकडूनच घेते. तिचा नवरा हिवाळ्यात वारला होता. होडी त्याच्या नावावर. पावसाळ्याची बंदी उठली की मुलगा होडी बाहेर काढणार, पण त्याआधी कागद तिच्या नावावर व्हायला हवेत, असं तिला मासळीच्या कचेरीत सांगितलं होतं. अर्ज टाइप केलेला हवा होता, तीन प्रतींत.

"भाऊसाहेब, तुमीच करून देवा," ती म्हणाली. "मालक असताना पन तुमीच करून दिला व्हता लायसनचा."

हे बसले. होडीच्या वारसनोंदीचा एक जुना अर्ज त्यांच्याकडे होता, तो उघडून वाचला. आता तसाच नव्याने लिहायचा. 'प्रति' झालं. 'माननीय' झालं. 'विषय' शब्दावर गाडी अडली. ष कुठे आहे ते सापडेना. ती बाई ओल्या छत्रीचं पाणी पायरीवर निथळत ठेवून दारातल्या बाकावर बसली होती, नुसती त्यांच्या हातांकडे बघत होती. मला ते बघवेना म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला. चहा घेऊन आले तेव्हा दीड ओळ झाली होती आणि ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ती सहज म्हणाली, "भाऊसाहेब, हातान लिवला तर चालंल ना? मी सांगते साहेबाला."

तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं. ह्यांनी कीबोर्ड पुढे ढकलला. "बाजारात जा. तिथे सगळं करून देतात. इथे आता होत नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "कच्चा मजकूर मी लिहून ठेवते. तू चार-पाच दिवसांनी ये." का म्हटलं, कुणाच्या जोरावर म्हटलं, मला अजून सांगता येत नाही. ती गेली. ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला, छत्री घेतली आणि बाहेर पडले. त्या दिवशी ते भाईंना घेऊनही गेले नाहीत. आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत बसने जाऊन, तिथे दिघीला जाणारी फेरी बघत बसून परत आले, हे मला नंतर कळलं.

रात्रीच्या जेवणाला गवारीची भाजी होती. ती खारट झाली होती, तरी त्यांनी ताट साफ केलं.

दुसऱ्या दिवसापासून ते त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. आलेल्या माणसाला दारातूनच सांगायचे, "मशीन बिघडलंय." मशीन बिघडलं नव्हतं.

दुपारी ते झोपले की मी त्या खुर्चीवर बसायला लागले. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं, कुठे काय आहे ते. मला वाटलं होतं अक्षरं कुणीतरी मूठभर तांदूळ फेकावेत तशी फेकली असतील. पण तसं नव्हतं. डाव्या हाताला सगळे स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क वर शिफ्ट दाबला की ख. ग वर दाबला की घ. त वर थ, द वर ध, ल वर ळ. जोडाक्षर करायचं तर आधीच्या अक्षराचा पाय मोडायचा आणि पुढचं अक्षर ठेवायचं. मी पाचवीच्या वर्गाला हेच तर शिकवत आले. पाय मोडा, पुढचं जोडा. आणि 'कि' म्हणताना आपण आधी क म्हणतो, मग पहिली वेलांटी सांगतो. ह्या कीबोर्डचंही तेच म्हणणं. जो कुणी तो बनवायला बसला असेल त्याच्या डोक्यात बाराखडी होती, टाइपरायटर नव्हता.

मला आनंद झाला आणि लगेच अपराधीही वाटलं. जे ह्यांना जमत नव्हतं ते मला सोपं जात होतं, ते काही मी हुशार म्हणून नव्हे. मला विसरायचं काहीच नव्हतं, एवढंच.

मी रोज तासभर लिहायचे. आधी माशांची नावं. बांगडा, सुरमई, बोंबील, मांदेली. मग बारा महिने. मग एक एक ओळ. 'किनाऱ्यावर' ह्या शब्दाने मला दोन दिवस छळलं. र चा पाय मोडून य जोडला की तो र उडून य च्या डोक्यावर रफार होऊन बसायचा, 'सूर्या'तल्यासारखा. असला शब्द मुलांनी लिहिला असता तर मी लाल शाईने गोल केला असता. भाईंना विचारावं तर त्यांना काय ठाऊक. शेवटी सगळ्या बटणांवर शिफ्ट दाबून बघत सुटले, तेव्हा र वर शिफ्ट दाबल्यावर खाली टिंब असलेला एक र निघाला. त्याचा पाय मोडला आणि य जोडला. 'किनाऱ्यावर'. मी एकटीच त्या खोलीत टाळी वाजवली.

पाचव्या दुपारी मी बसायला गेले तर कीबोर्डवरची निम्मी अक्षरं गायब. डावीकडची सगळी पट्टी नखांनी खरवडून काढलेली, बटणांवर चिकटाचे काळे डाग. ह्यांनी सकाळी मी बाजारात गेले असताना एकदा परत प्रयत्न केला असणार.

मी जाऊन त्यांना उठवलं. तीस-पस्तीस वर्षांत मी त्यांना झोपेतून असं उठवलं नव्हतं.

"ती अक्षरं का काढलीत?"

"कुठली अक्षरं?"

"कीबोर्डवरची. ती मला लागत होती."

ते उठून बसले. "तुला कशाला?"

"मी शिकतेय."

त्यांनी उशाजवळचा चष्मा चढवला. मग म्हणाले, "कधीपासून?"

"तुम्ही झोपल्यावर. मंगळवारपासून."

"ते चिकटवलेलं बघितलं की हात अडखळतो," ते म्हणाले. "म्हणून काढलं. न बघता कदाचित जमेल असं वाटलं." मग जरा थांबून, "जमलं नाही."

मला भांडायचं होतं, पण पुढे भांडण काही सुचेना. मी बाहेर येऊन बसले आणि खरवडलेल्या बटणांवरच लिहायला लागले. स्वर कुठे आहेत ते बोटांना बऱ्यापैकी कळलेलं होतं. मी होडीचा अर्ज लिहायला घेतला. ते मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं, पण मी मान वळवली नाही. एक परिच्छेद झाल्यावर ते म्हणाले, "'माझे पती वारले' असं नाही लिहायचं. 'माझे पती दिनांक अमुक रोजी मयत झाले असून' असं लिही."

"'वारले' काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण साहेब 'मयत' शोधतो."

मी 'मयत' लिहिलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसले. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'वारसा' लिहिताना 'वरासा' झालं, तेव्हा ते हसले. माझ्या प्रश्नपत्रिकांच्या वेळी मी सांगायचे आणि ते उतरवायचे, आता उलटं. फरक एवढाच की ते एका पानाला पाच मिनिटं घ्यायचे आणि मला सव्वा तास लागला. मध्येच सवयीने म्हणायचे, "आता वेलांटी दे," आणि मी म्हणायचे, "आधी अक्षर." यावरून दोनदा चकमक झाली. दुसऱ्या वेळी ते चिडून म्हणाले, "अगं, कागदावर आधी काय दिसतं?" मी म्हटलं, "तोंडाने आधी काय म्हणता?" त्यांनी ते काही मान्य केलं नाही.

ती कोळीण सांगितल्याप्रमाणे आली. हे तिला बाकावर बसवून एकेक तपशील विचारत होते, होडीचा नंबर, मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख, वारस किती. मी गाळलेल्या जागा भरत होते. छापून झाल्यावर ह्यांनी अर्ज तिला वाचून दाखवला. तिचा नवरा ज्या ओळीत मयत झाला त्या ओळीवर तिने पदर तोंडाला लावला. हे थांबले. ती म्हणाली, "वाचा, वाचा. बरोबर हाय." सही करता येते का विचारलं तर म्हणाली, "येते की. बाईंनीच शिकवली, साक्षरतेच्या वर्गात." मला ते आठवत नव्हतं. संध्याकाळचे वर्ग घेतले होते एक वर्ष, त्यात वीस-पंचवीस बायका असायच्या. तिने तिन्ही प्रतींवर सावकाश, एकेक अक्षर बघत सही केली.

तिचं काम झालं. ऑगस्टमध्ये होडी समुद्रात गेली तेव्हा कागद तिच्या नावाचे होते. तिने कोळंबी आणून दिली. मी नको म्हणत होते, पण तिने पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि निघून गेली.

तिकडे भाईंना चैन नव्हती. आपल्यामुळे मित्राचा हात गेला, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. ते भेटेल त्याला विचारत होते. सप्टेंबरात कुणाच्या तरी लग्नाच्या बोलणीसाठी माणगावला गेले, तर तिथे टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या एका बाईंना जाऊन भेटले. त्यांनी सांगितलं की ह्याच सिस्टिममध्ये टाइपरायटरचा कीबोर्ड वेगळा घालता येतो, त्याचं नाव काय आणि तो कुठून उतरवायचा तेही कागदावर लिहून दिलं. भाई बसमधून उतरले ते थेट आमच्याकडे. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

"भाऊसाहेब, मिळाला. आपला जुना मिळाला."

हे पेपर वाचत होते. "आता राहू दे हो भाई. हिला येतंय. चाललंय आमचं."

"मी इतका हिंडलो, तुम्ही बघा तरी."

भाईंनी बसून तो घातला. आधी चुकला, मग नीट बसला. मग उठून उभे राहिले. हे काही जागचे हलेनात. मी म्हटलं, "अहो, बसा ना." तेव्हा बसले. चष्मा नीट केला, आणि कीबोर्डकडे न बघता, खिडकीतून बाहेरच्या सुपारीच्या झाडांकडे बघत लिहिलं. 'प्रति'. पडद्यावर 'प्रति' आलं.

मग ते थांबलेच नाहीत. अख्खा अर्ज, कुणाचा तरी, काल्पनिक, विहिरीतला गाळ काढण्याबाबतचा, नमुन्यातला, एका दमात उतरवला. बटणांचा तो सलग आवाज घरात किती दिवसांनी येत होता. भाई माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते.

एक-दोन ठिकाणी घोळ होता. ळ त्यांच्या कचेरीतल्या जागी नव्हता, आणि एक जोडाक्षर वेगळ्याच बटणावर होतं. पण 'गाळ' तिसऱ्यांदा बरोबर आला. शेवटी ते म्हणाले, "वेग कमी झालाय." आणि हाताची बोटं उलगडून बघत राहिले. "ते कीबोर्डमुळे नाही. वय झालं." हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. मी भाईंना जेवायला थांबवून घेतलं.

तेव्हापासून आमच्याकडे एका मशीनवर दोन मराठी आहेत. कोपऱ्यात एक चिन्ह आहे, त्यावर टिचकी मारली की कीबोर्ड बदलतो. लिहून झाल्यावर आपला बदलून ठेवायचा, असा नियम ठरला. तो कुणीही पाळत नाही. सकाळी हे त्यांच्या वेगात दोन ओळी लिहून मोकळे होतात आणि मग पडद्याकडे बघून ओरडतात, "तुझं लावून ठेवलंयस का गं?" आणि दुपारी तेच माझ्या बाबतीत.

अर्जांसाठी लोक परत येतात. बायका आल्या की दारातून विचारतात, "बाई हायत का?" पहिल्यांदा असं कुणी विचारलं तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "आहेत. आत या." कुणाचा अर्ज कुणी लिहायचा हे आम्ही कधी ठरवलं नाही. शेतीचे, जमिनीचे ते लिहितात. माझे जरा सावकाश होतात, पण शुद्धलेखन बरं असतं, असं मीच म्हणते. मजकूर मात्र अजूनही त्यांना विचारल्याशिवाय छापत नाही. साहेब कुठला शब्द शोधतो ते त्यांनाच ठाऊक.

दिवाळीला मुलगी आली. तिला ऑफिसच्या कुणाला तरी मराठीत चार ओळी पाठवायच्या होत्या, म्हणून ती कॉम्प्युटरवर बसली.

"आई, हे काय आहे? मी एम दाबतेय तर स येतोय."

"माझा कीबोर्ड आहे तो. बदल."

टिचकीचा आवाज आला. "आता उ येतोय!"

"तो बाबांचा."

"मग माझा कुठला?"

ती मराठी इंग्रजी अक्षरांतून लिहिते. एम आणि आय दाबायचं, की 'मी' उमटतो. आधी वेलांटी की आधी अक्षर, हा तिचा प्रश्नच नाही. मला ते पटत नाही, मराठी लिहायला इंग्रजीच्या दारातून जायचं, आणि मी तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, पोचते ना पण मी?" ह्यांना त्याचं हसू आलं. तिने पाच मिनिटांत आपला तिसरा कीबोर्ड घालून घेतला, चार ओळी पाठवल्या आणि फराळाच्या डब्याकडे वळली. तिच्या ओळींत 'आणि' दीर्घ होता. मी सांगितला, तिने सुधारून परत पाठवला.

ती पुण्याला गेल्यावर हे कोपऱ्यातल्या चिन्हाकडे बघत म्हणाले, "हा तिसरा काढून टाकू का? उगीच मध्ये येतो."

मी म्हटलं, "राहू दे. शिमग्याला येणार आहे ती."